कंद काढलेत, आता टिकवा: कोकणातल्या नवख्यांसाठी

कोकणात काढलेले कंद पंधरा दिवसांत सडू लागले की दोष हवेवर जातो. ‘आमच्याकडे दमटपणाच फार, टिकणार कसे?’ हे अर्धेच खरे आहे. काढणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात कंदाला नेमकी हीच उबदार, ओलसर हवा लागते. देशावर त्यासाठी गोणपाटे भिजवून टांगावी लागतात, आपल्याकडे ती दर्यावरून फुकट येते. बिघडते ते पुढे. पहिल्या दिवशी ज्या कोपऱ्यात कंद ओतले त्याच कोपऱ्यात, त्याच ढिगात ते शिमग्यापर्यंत पडून राहतात. पहिला आठवडा उबेचा आणि त्यापुढचे दिवस वाऱ्याचे, एवढी विभागणी पाळली तर शीतगृहाशिवायही रताळी महिना-दोन महिने आणि सुरण त्याहून जास्त टिकतो.

मुंबई-पुण्याहून गावी परतून परड्यात किंवा वरकस जमिनीत पहिल्यांदाच रताळी, सुरण, कणगी लावलेल्यांसाठी हे लिहिले आहे. दोन-चार टोपल्यांपासून पाच-सात गोणींपर्यंतचा माल गृहीत धरला आहे. त्याहून जास्त असेल तर टिकवण्याआधी विकण्याचा विचार करा.

कोण किती दिवसांचा पाहुणा

कंद जमिनीतून काढला तरी जिवंत असतो. तो श्वास घेतो, साठवलेली साखर-पीठ जाळतो, पाणी सोडतो आणि थोडी उष्णताही सोडतो. तापमान दहा अंशांनी वाढले की हे सगळे साधारण दुपटीने होते. म्हणून ढिगाच्या मधला कंद आधी जातो आणि कडेचे ठणठणीत राहतात.

सगळे कंद मात्र एका स्वभावाचे नाहीत. रताळे हे फुगलेले मूळ आहे, त्याला खरी झोप नाही. ऊब आणि ओल मिळाली की कधीही कोंब काढते. सुरण, कोनफळ, घोरकंद, कणगी, करांदे यांना काढणीनंतर विश्रांतीचा काळ असतो, त्या काळात ते उगवत नाहीत. त्यामुळे ते टिकवायला सोपे. यांत मोठे, जाड सालीचे कोनफळ आणि सुरण सर्वांत सोशिक. लहान, पातळ सालीची कणगी लवकर सुरकुतते. अळकुड्या मधल्या: मोकळ्या हवेत तीन-चार आठवडे. त्यांतही मधला मोठा गड्डा आधी खाऊन टाकावा, कडेच्या लहान अळकुड्या जास्त राहतात.

साबुकंद म्हणजे टॅपिओका ज्यांनी लावला असेल त्यांनी हा लेख जवळजवळ विसरावा. काढल्यावर दोन-तीन दिवसांत आत निळसर-काळ्या रेषा येतात आणि तो शिजवूनही नीट लागत नाही. तो लागेल तसाच काढायचा, काढला की शिजवायचा किंवा काप करून वाळवायचा. मुळा, गाजर, बीट हे थंडीचे लोक आहेत. त्यांचा पाला ताबडतोब कापा, कारण पाला मुळातले पाणी ओढत राहतो, आणि ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. बटाटा आपल्याकडे घाट उतरूनच येतो. तो अंधारात ठेवावा, हिरवा झालेला भाग खाऊ नये, एवढे पुरे. अलिबागचा पांढरा कांदा कंदमुळांत मोडत नाही, पण त्याच्या वेण्या बांधून टांगण्याची रीत मात्र पाहून ठेवण्यासारखी आहे. कोकणी हवेत माल टिकवायचा तर तो जमिनीला आणि एकमेकांना कमीत कमी टेकू द्यायचा, हे त्या बागायतदारांना कोणी शिकवावे लागले नाही.

काढणीच्या आधी

टिकाऊपणा निम्मा शेतातच ठरतो. पाऊस परतल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धानंतर, जमीन थोडी आवळू द्या. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेल्या, रताळ्यांना पाणी देत असाल तर काढणीच्या आठवडाभर आधी ते थांबवा. जमीन दगडासारखी झाली असेल तर आदल्या संध्याकाळी हलकेसे शिंपण चालते, नाहीतर खणताना अर्धे कंद कापले जातील.

रताळे तयार झाले का, हे पाहायला एक रताळे आडवे कापून ठेवा. कापलेला भाग तसाच पांढरट, कोरडा राहिला तर तयार. चीक हिरवट-काळा पडला तर अजून वेळ आहे. कच्चे रताळे नंतर कितीही जपले तरी टिकत नाही. तयार झाले की वेल काढणीच्या चार-पाच दिवस आधी जमिनीलगत कापून गुरांना घाला. वेल गेला की जमिनीतल्या रताळ्याची साल पक्की होते आणि काढताना सोलवटत नाही. इतके कमी श्रमाचे आणि इतक्या उपयोगाचे दुसरे काम या सगळ्यात नाही, आणि नेमके हेच लोक करत नाहीत.

सुरणाचे पान पिवळे पडून दांडा आपोआप आडवा झाला की तो तयार. कणगी, कोनफळाचे वेल वाळतात. करांदे वेलावर लागतात; हात लावताच सुटून आले तर काढावेत, ओढून तोडू नयेत.

सुरण आणि कोनफळ लगेच काढलेच पाहिजे असे नाही. पाणी न साचणाऱ्या जमिनीत दांडा वाळल्यावरही महिना-दीड महिना ते सुखाने राहतात, आणि जमिनीखालची जागा आपल्या कुठल्याही खोलीपेक्षा गार असते. अडचण एकच, रानडुकरे आणि साळिंदर. डोंगराच्या कडेला परडे असेल तर एका रात्रीत सगळे उकरलेले सापडेल. तिथे जमिनीवर भरवसा ठेवू नका. रताळी तर जमिनीत मुळीच राखून ठेवू नयेत. जमीन भेगाळली की सोंड्या भुंगा त्या भेगांतून खाली उतरतो आणि रताळ्यात अंडी घालतो. मग तुम्ही घरात आणता ती रताळी नव्हेत, भुंग्याचे पाळणाघर.

खणताना

सकाळी खणा. जांभ्याच्या तांबड्या जमिनीत कुदळ किंवा पहार लागतेच, पण पहिला घाव बुंध्यापासून हातभर लांब घालून माती आत ढकलत या. शेवटची माती हाताने काढा. सुरण एकदम उपटू नये, भोवतीची माती मोकळी करून खालून हात घालून उचलावा. पाच-सहा किलोचा गड्डा बांधावर टाकला की बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र तडा जातो आणि तीन आठवड्यांनी तिथूनच काळे पडू लागते.

काढलेला माल उन्हात पसरून ‘वाळवायची’ सवय भातामुळे आपल्या हातात बसली आहे. भाताला ऊन हवे, कंदाला नको. अर्धा-पाऊण तास अंगावरची माती सुकेपर्यंत ठीक, त्यानंतर सावलीत न्या. ऑक्टोबरच्या उन्हात रताळ्याची साल भाजते, आणि भाजलेली साल पुढे बुरशीचे दार होते.

धुवू नका. चिकट तांबडी माती पाहून हात शिवशिवतो हे कबूल, पण धुतलेल्या कंदाच्या प्रत्येक खरचट्यात पाणी आणि बुरशी दोन्ही शिरतात. माती सुकली की हाताने किंवा नारळाच्या सोडणाने हलकेच झाडा. राहिली थोडी तर राहू द्या. धुणे खाण्याच्या किंवा विकण्याच्या दिवशी.

वाहून न्यायला बांबूची टोपली किंवा हारा बरा, आत पेंढा घातलेला. खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोणीत खाण्याचा माल भरूच नये. एक तर ती खताची असते, आणि दुसरे म्हणजे आत तासाभरात घाम सुटतो.

वेचणी

घरी आणताच, दुसऱ्या कामाला हात लावण्याआधी, चार वाटे करा. पहिला: कुदळ लागलेले, तुटलेले, तडकलेले. हे याच आठवड्यात खायचे. रायगडात असाल तर पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर जायला यांच्यासारखे काही नाही. दुसरा: भोके दिसणारे, कुबट किंवा उग्र वासाचे, मऊ. हे घरात आणायचेच नाहीत. तिसरा: चांगले पण अगदी लहान किंवा सालपट निघालेले. हे आठ-दहा दिवसांत खा अथवा विका. चौथा: साबूत, मध्यम आकाराचे, घट्ट सालीचे. साठवण फक्त यांची.

दुसऱ्या वाट्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. सोंड्या लागलेले रताळे कडू होते, कारण अळीने खाल्ले की कंद स्वतःच कडू द्रव्ये तयार करतो. किडका भाग कापून उरलेले शिजवले तरी कडूपणा जात नाही. असली रताळी, तशीच बुरशी आलेली रताळी, गुरांनाही घालू नका. बुरशीमुळे रताळ्यात तयार होणारी काही द्रव्ये गुरांच्या फुप्फुसांना घातक असतात, आणि जनावर धापा टाकू लागल्यावर फार काही करता येत नाही. उकिरड्यावर फेकलीत तर भुंगे उडून पुढच्या लागवडीवर येतील. दोन फूट खड्डा करून पुरा, वर माती चोपा.

उबेचा आठवडा

खणताना कंदाला लहान-मोठ्या जखमा होतातच. उबदार, ओलसर हवेत कंद त्या जखमेखाली बुचासारखा एक थर तयार करतो. तो थर झाला की आत बुरशी जात नाही आणि आतले पाणी बाहेर जात नाही. रताळ्याला यासाठी २९ ते ३२ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता चार ते सात दिवस मिळाली तर काम उत्तम होते. कोनफळ, कणगीला याहून थोडी जास्त ऊब मानवते.

आता नोव्हेंबरातली आपली हवा पाहा. दुपारी पारा ३२-३३ वर, आर्द्रता भरपूर. ऊब कमी पडते ती रात्री, पारा बावीस-तेवीसवर उतरतो तेव्हा. म्हणून करायचे इतकेच: पडवीत किंवा मांगरात, थेट वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात बांबूची तट्टी विटांवर टेकवा. तिच्यावर पेंढ्याचा पातळ थर, त्यावर कंद दीड-दोन फुटांपर्यंत उंच रचा, ओतू नका. वरून कोरडी गोणपाटे दुहेरी घाला. कंदांची स्वतःची उष्णता आत राहते आणि रात्रीची थंडी लागत नाही. हवा कोरडी वाटली, कंदांवर सुरकुती दिसू लागली, तर बाजूला पाण्याची बादली ठेवा किंवा बाहेरचे एक गोणपाट भिजवून पिळून टाका. कंदावर पाणी शिंपडायचे नाही. ताडपत्री आणि प्लॅस्टिक तर नाहीच, त्याखाली पाण्याचे थेंब जमतात आणि बुचाऐवजी बुरशी वाढते.

रोज एकदा ढिगात हात घाला. कोमट लागला पाहिजे, गरम नाही. गरम लागला तर ढीग पसरा, उंची निम्मी करा. भिंतीवर टांगायचे तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र घेतलेत तर अंदाज लवकर बसतो, पण हाताला पर्याय नाही.

झाले कधी समजावे? अंगठ्याने साल रेटून पाहा. सरकत नसेल आणि खरचटलेली जागा कोरडी, खडबडीत झाली असेल तर झाले. प्रयोगशाळेतल्यासारखी ऊब अखंड मिळत नसल्यामुळे घरी रताळ्यांना आठवडा, कधी दहा दिवस लागतात. सुरणालाही आठवडाभर द्या, पण तो रचू नका, एका थरात सुटा ठेवा. त्याचा दांडा गळून पडलेल्या जागी खळगा असतो, तिथे ओल साचते. खळग्यातली माती काठीने काढून तो भाग कोरडा होईल असे पाहा. अळकुड्यांना सावलीत दोन-तीन दिवस पसरलेले पुरे.

एखाद्याचा माल काढणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजला तर क्रम बदला: आधी पंख्याखाली किंवा वाऱ्यावर अंग कोरडे करा, मग उबेला ठेवा. ओले कंद गोणपाटाखाली घातले तर चौथ्या दिवशी आंबूस वास येईल.

वाऱ्याचे दिवस

आठवडा संपला की गोणपाटे काढा, ढीग मोडा आणि माल दुसऱ्या जागी न्या. जागा बदलणे हाच या कामाचा गाभा आहे. आता हवी गार, अंधारी, वारा खेळणारी जागा.

रताळ्याला पुस्तकाप्रमाणे १३ ते १५ अंश लागतात. तेवढी थंडी आपल्या किनाऱ्यावर सहसा येत नाही, मग जमेल तितके खाली जायचे. उत्तरेकडची खोली, जांभ्याच्या जाड भिंतींचे कोठार, कौलांखाली पण चुलीपासून दूर. पौष-माघात रात्री पारा अठरा-वीसच्या आसपास येतो, त्याचा फायदा घ्या. रात्री खिडक्या उघडा, सकाळी दहा-अकराला खारा वारा सुटायच्या आत बंद करा. गार झालेल्या कंदावर दुपारची गरम, दमट हवा आली की त्याला घाम फुटतो, आणि हा घामच जानेवारीतल्या सडण्याचे मोठे कारण असतो.

जुन्या घरांत कंद माळ्यावर, चुलीच्या वर ठेवायची पद्धत होती. धुरामुळे किडे येत नसत हे खरे, पण धूर आता उरला नाही. गॅसच्या स्वयंपाकघरावरचा माळा म्हणजे नुसती उष्णता, त्यात कौले तापतात. माझे मत विचाराल तर खाण्याच्या कंदांना माळा नको, खालची खोलीच बरी.

जमिनीपासून फूटभर उंच तट्टी किंवा फळ्यांची मांडणी करा. शेणाने सारवलेली जमीन असो की लादी, दोन्हींतून ओल वर येते. रताळी जास्तीत जास्त तीन थर, मध्ये थोडा पेंढा. सुरण आणि कोनफळ एकाच थरात, एकमेकांना न टेकता. भिंतीपासून चार बोटे अंतर. मांडणीच्या पायांना पत्र्याची उलटी नरसाळी बसवली की उंदीर चढत नाही. खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी. घुशीचा त्रास असेल तर याशिवाय इलाज नाही.

त्याच खोलीत केळीचा घड पिकायला टांगू नका. पिकणारी फळे जो वायू सोडतात त्याने रताळ्यांची चव बिघडते. एप्रिलमध्ये आंब्याची आढी घालायची तर उरलेले कंद आधी दुसरीकडे हलवा.

थोडा माल असेल आणि खोली फार कोरडी किंवा भुंग्याची भीती असेल तर वाळूची पेटी करा. लाकडी खोक्यात तळाला दोन इंच कोरडी वाळू, तिच्यावर रताळ्यांचा एक थर, पुन्हा वाळू. चाळलेली लाकडाची राख मिसळली तर भुंग्याला अडथळा होतो. वाळू मात्र समुद्राची घेऊ नका. तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि पेटी आतून भिजते. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे. बांधकामाची उरलेली, धुऊन वाळवलेली वाळू चालते.

फ्रिजबद्दल: अख्खी रताळी आणि सुरण फ्रिजमध्ये ठेवू नका. बारा अंशांखाली हे उष्ण प्रदेशातले कंद आजारी पडतात. रताळे शिजवले तरी मध्ये टणक गाठ राहते, आणि बाहेर काढल्यावर दोन दिवसांत सडते. शिजवलेले, किंवा सोलून चिरलेले, ते खुशाल ठेवा.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या कंदांजवळ ठेवू नका, माणसे झोपतात त्या घरात तर नाहीच. त्यांच्या वायूने माणसे दगावतात.

आठवड्याची फेरी

ठरलेल्या वारी, नाकाने सुरुवात करा. दार उघडताच आंबूस, दारूसारखा वास आला तर कुठेतरी एक रताळे पाणी सोडते आहे. त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि काळे ठिपके दिसतील. ते आणि त्याला टेकलेली सगळी काढा, खालचा पेंढा बदला. टेकलेली रताळी अख्खी असली तरी परत रचू नका, त्या दिवशीच्या जेवणात घ्या. बाकी ढीग मात्र उगाच हलवू नये. प्रत्येक हाताळणीत नवी खरचटी उठते.

सुरणावर पांढरा पिठासारखा थर दिसला तर तो बहुधा बुरशी नव्हे, पिठ्या ढेकूण. जुन्या ब्रशने घासून काढा, तो सुरण बाकीच्यांपासून वेगळा करा. जास्त झाले असतील तर खाऊन संपवा. कोंब आले की बोटाने मोडा. कोनफळ, कणगीचे कोंब दोनदा-तीनदा मोडले की आणखी काही आठवडे मिळतात, पण कंद आतून हलका होत जातो. वजन हातात घेऊन पाहा, सुरकुत्या पडल्या असतील तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

मोठा सुरण एका कुटुंबाला एकदम संपत नाही. तो एका बाजूने कापत जा. कापलेली बाजू धुऊ नका, झाकू नका, वाऱ्याला उघडी राहू द्या. तिच्यावर कोरडी पापडी येते. पुढच्या वेळी तो पातळ काप काढून टाकायचा आणि आतले वापरायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलात तर दोन दिवसांत बुळबुळीत होईल. कापताना हाताला खोबरेल लावा आणि शिजवताना आमसुले किंवा चिंच घाला, हे घरातले कोणीतरी सांगेलच.

जे टिकणार नाही ते

रताळी उकडून, पातळ चकत्या करून डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात तीन-चार दिवस वाळवा. कडकडीत मोडली पाहिजेत. संध्याकाळी दंव पडायच्या आत उचलून घरात न्या, नाहीतर दिवसभराची मेहनत रात्री वाया जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या महाशिवरात्रीलाही कामाला येतात, आणि पीठ केले तर उपासाच्या थालीपिठाला. सुरणाचे काप वाळवायचे तर आधी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात एक उकळी द्या. करांदे मीठ घालून उकडलेलेच चांगले, त्यांना वाळवण्याच्या भानगडीत पडू नका. रानातून आणलेले, ओळखीचे नसलेले कडू कंद मात्र जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ नका; त्यांतले काही विषारी असतात.

मुंबईच्या माणसांना पाठवायचे तर उबेचा आठवडा झालेलेच पाठवा. भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, मध्ये वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद. एसटीच्या टपावर उन्हात किंवा रेल्वेत बाकाखाली बॅगांच्या भाराखाली गेलेला माल पोहोचताना बरा दिसतो आणि चौथ्या दिवशी फोन येतो. पोहोचताच खोके उघडून पसरा, हे चिठ्ठीवर लिहूनच द्या.

बेणे

बेण्याचा माल पहिल्या वेचणीलाच वेगळा काढावा, उरलेल्यातून नाही. कमी खाजरा ‘गजेंद्र’ सुरण किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ रताळी लावली असतील तर जातीचे नाव पाटीवर लिहून त्या वाट्याजवळ ठेवा, मे महिन्यात आठवत नाही. सुरणाचे बेणे साठवताना शेणाचा दाट काला करून त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, बेण्याच्या किलोमागे पाच ग्रॅम, मिसळून गड्ड्यांना लावतात आणि सावलीत सुकवतात. ट्रायकोडर्मा कृषी विज्ञान केंद्रात मिळेल का ते विचारा, पाकिटावरची तारीख पाहूनच घ्या. हे लावलेले गड्डे मग जेवणात जायचे नाहीत. लागवडीच्या वेळी, एप्रिल-मे महिन्यांत, मधल्या डोळ्याचा थोडा भाग प्रत्येक फोडीला येईल असे अर्धा ते पाऊण किलोचे तुकडे करा.

रताळ्याला बेणे म्हणून कंद साठवायची गरज नसते. वेलाचे तुकडे परड्यात पाण्याजवळ एका वाफ्यात जिवंत ठेवा, त्यांतूनच पुढची लागवड होते. वेल निवडताना सोंड्या नसलेल्या वाफ्यातलेच घ्या.

मेअखेर कोठार रिकामे झाले की तट्ट्या उन्हात दोन दिवस उलटसुलट तापवा, कुजका पेंढा जाळा, भिंतींना चुना द्या. त्या मोसमातली गोणपाटे पुढच्या वर्षी कंदांसाठी वापरायची असतील तर गरम पाण्यातून काढून कडक वाळवा. पावसाळ्यात ती मांगरातच पडून राहिली तर फेकून नवी घ्या.